पोरं टिकत नाहीत म्हणणाऱ्या एचआरवाल्यांना खुलं पत्र

भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव, हिंजवडी इथल्या तमाम एचआर मॅनेजर, एचआर हेड आणि हल्ली जे नवीन पद निघालंय त्या चीफ पीपल ऑफिसर मंडळींना,

नमस्कार.

मी तुमच्या शेजारच्याच टेबलवर बसते. भोसरीतल्या एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पेरोल बघते, २००३ पासून म्हणजे बावीस वर्षं झाली. माणूस आत आला की त्याचा कोड मी टाकते आणि बाहेर गेला की त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, मी करते, त्यामुळे कोण किती दिवस टिकला हे तुमच्या आधी मला कळतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, नोकरी करायचीये अजून. आणि खरं सांगायचं तर नावाने फार फरक पडत नाही, एमआयडीसीत कुठलंही गेट घ्या.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या कंपन्यांचा एक कार्यक्रम होता हॉटेलात, मला साहेबांच्या जागी पाठवलं होतं. विषय होता अॅट्रिशन, म्हणजे माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण. स्टेजवरच्या सरांनी स्लाइड लावली, त्यावर तीन चित्रं. धोतर-टोपीतले आजोबा, एकाच कंपनीत रिटायर. शर्ट-पँटमधले वडील, दोन कंपन्या. मग कानात हेडफोन घातलेला नातू, त्याच्या डोक्याभोवती आठ-दहा कंपन्यांचे लोगो भिरभिरतायत. सगळे हसले. मग सर म्हणाले की या पिढीत लॉयल्टीच नाहीये, पेशन्स नाही, यांना सगळं इन्स्टंट लागतं. मागून कोणीतरी टाळीपण वाजवली. मी समोरचा पनीर टिक्का खात होते आणि मनात आमच्या घरातली तीन-चार माणसं मोजत होते, आणि ती त्या स्लाइडमध्ये कुठे बसेचनात. म्हणून हे पत्र.

आजोबांपासूनच सुरू करते. माझे आजोबा संगमेश्वरकडचे, १९३६ च्या सुमाराला मुंबईला लालबागला आले आणि गिरणीत लागले असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 'लागले' हा शब्द फसवा आहे. पहिली सहा वर्षं ते बदली होते. म्हणजे रोज पहाटे गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी परमनंट माणूस आजारी पडला, गावाला गेला, दारू पिऊन पडला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी. महिन्यात कधी बारा दिवस काम, कधी वीस. आणि आत घेणार कोण तर जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम. त्याला काहीतरी दिल्याशिवाय आत शिरायचं नाही आणि तो नाराज झाला तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस. १९३१ साली व्हिटली कमिशनचा रिपोर्ट आला होता कामगारांवर, त्यात जॉबरच्या या लाचखोरीबद्दल लिहिलेलं आहे. माणूस जितका जास्त बदलेल तितकी जॉबरची कमाई जास्त, त्यामुळे त्याला कोणी टिकलेलं परवडणारंच नव्हतं. आणि गिरणीमालक काय म्हणायचे माहितीये? कामगार टिकत नाही, शिमगा आला की गावाला पळतो, भातकापणी आली की पळतो, याला शहराची शिस्तच नाही. स्लाइडवर धोतर-टोपी घालून तुम्ही ज्यांना लॉयल्टीचा पुतळा करून ठेवलंय ना, त्यांच्याबद्दल त्यांच्या वेळचे साहेब लोक हेच बोलत होते.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली, गिरण्या रात्रंदिवस चालायला लागल्या आणि आजोबा बेचाळीस साली परमनंट झाले. मग मात्र हलले नाहीत, रिटायर होईपर्यंत तीच गिरणी, तेच खातं. म्हणजे माणूस तोच होता हो. सहा वर्षं 'अस्थिर' आणि मग चौतीस वर्षं 'एकनिष्ठ'. मधे फक्त मस्टरवर नाव चढलं.

वडिलांची गोष्ट स्लाइडच्या जरा जवळची आहे. ते १९७३ ला पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत लागले आणि २००६ ला रिटायर झाले, तेहेतीस वर्षं. पंचविसाव्या वर्षी घड्याळ मिळालं, ते अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, बंद पडलंय. पण वडिलांना ती नोकरी आवडायची असं जर कोणाला वाटत असेल तर माझ्या आईला विचारा. फोरमनच्या नावाने रोज रात्री जेवताना शिव्या. दोनदा तर त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता, एक मी स्वतः वाचलाय, वहीच्या पानावर होता. दिला नाही. का दिला नाही? कारण १९७२ ला ग्रॅच्युइटीचा कायदा आला होता, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार साठत होता आणि जितकी वर्षं जास्त तितका आकडा फुगत होता. पीएफ होता. पतपेढी होती, तिच्यातून घराचं कर्ज, मोठ्या आत्याचं लग्न, सगळं पगारातून कटिंग. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड होतं. युनियन दर तीन वर्षांनी करार करायची आणि त्यात सर्व्हिसप्रमाणे वाढ मिळायची, म्हणजे जुना माणूस नव्यापेक्षा जास्त पगार घेणार हे ठरलेलंच. फोरमन कितीही नालायक असला तरी हे सगळं सोडून कोण जाईल.

आणि दुसरं कारण भीती. माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, आजोबांच्याच गिरणीत होता, बारा वर्षं सर्व्हिस. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या हळूहळू परत चालू झाल्या पण काकाला आत घेतलं नाही. मग काका डोंबिवलीत सोसायट्यांवर वॉचमन, सात सोसायट्या बदलल्या त्याने. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, काका पुण्याला आला की वडिलांशी फार बोलायचा नाही, नुसता बसून राहायचा गॅलरीत. वडील त्या वर्षापासून कंपनीत कोणाशी भांडले नाहीत असं आई सांगते. तर टिकण्यात हेपण असतं. तुमच्या स्लाइडवर काकाचं चित्र नव्हतं, तो वयाने वडिलांच्या पिढीचा, संस्काराने तोच, आणि कंपन्या बदलण्यात तुमच्या जेन झीच्या पुढे.

वडील रिटायर झाले तेव्हा बेसिक-डीए धरून शेवटचा पगार १४,३००. भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले तेहेतीस. ग्रॅच्युइटी झाली २ लाख ७२ हजार २५० रुपये. हा हिशोब मी तेव्हा स्वतः करून बघितला होता, नवीन नवीन पेरोल शिकले होते ना, आणि चेक तेवढ्याचाच आला तेव्हा वडिलांनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं. असो.

आता भाऊ. खरं पत्र इथून पुढे आहे.

माझा भाऊ आयटीआय फिटर, १९९६ चा. एक वर्ष अप्रेंटिस केली आणि मग १९९७ ते २००८ अकरा वर्षं तो भोसरी-चाकण पट्ट्यात काम करत होता. हाताला इतका चांगला की एका कंपनीने त्याला तीन वेळा परत बोलावलं. पण अकरा वर्षांत त्याची एका ठिकाणची एका दमात सर्व्हिस सात महिन्यांच्या वर कधी गेली नाही. का ते तुम्हाला माहितीये, पण हे पत्र बाहेरचेपण वाचतील म्हणून सांगते. आपल्या महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे नोकरीच्या शर्तींच्या नमुना नियमांमध्ये, लिहिलं होतं की टेंपररी किंवा बदली कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की तो परमनंट व्हायला हवा. सात महिने म्हणजे दोनशे दहा दिवस. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. दोन-तीन महिने घरी बसायचं, मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर त्याच गेटने आत, त्याच मशिनवर. नवीन कोड, नवीन कार्ड, नवीन पीएफ नंबर. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, तेव्हा नव्हता. दर ब्रेकला घरी पैसा नाही म्हणून तो दोन महिने झाले की पीएफचा फॉर्म १९ आणि पेन्शनचा १०सी भरून सगळं काढून घ्यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १०सी भरून पैसे काढले की पेन्शनची तेवढी सर्व्हिस पुसली जाते. पेन्शनला कमीत कमी दहा वर्षं लागतात. भावाने अकरा वर्षं काम केलं आणि पेन्शनच्या खात्यात त्याची सर्व्हिस शून्य.

वडिलांनी त्याच्यासाठी प्रयत्न केला नाही असं नाही. पूर्वी कामगाराच्या मुलाला प्राधान्य असायचं, वडिलांच्या बरोबरच्यांची दोन पोरं लागली पण होती. भावाचा नंबर येईपर्यंत भरतीच बंद झाली आणि त्या जागी व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, फॉर्म आले.

तर भावाचा बायोडेटा आज कोणी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर काय येईल? अकरा वर्षांत चौदा नोकऱ्या. जॉब हॉपर. रेड फ्लॅग. आणि त्या चौदापैकी एकही त्याने स्वतः सोडलेली नाही.

२००८ ला मंदी आली, सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टची पोरं काढली, त्याने टेम्पो घेतला हप्त्यावर. आता त्याच कंपन्यांचा माल वाहतो. आणि गंमत बघा, टेम्पो तो सतरा वर्षं चालवतोय, तिथे टिकला.

हे माझ्या घरातलंच आहे असं म्हणू नका. सरकारचा उद्योगांचा वार्षिक सर्व्हे असतो, त्यात कारखान्यातल्या कामगारांमध्ये कॉन्ट्रॅक्टचे किती हा आकडा दर वर्षी येतो. या शतकाच्या सुरुवातीला पाचातला एक होता, २०२२-२३ ला शंभरात चाळीसच्या वर गेला. आणि ते फक्त नोंदवलेले. जे ट्रेनी म्हणून असतात, लर्न अँड अर्न म्हणून असतात, ज्यांना पगार नाही तर स्टायपेंड म्हणतात आणि जे बारा तास प्रेसवर उभे असतात ते वेगळेच. आमच्याकडे लातूर, बीड, नांदेडची पोरं येतात, एका खोलीत सहा जण राहतात, तीन पाळ्यांत गाद्या बदलतात. त्यांना तुम्ही सांगताय लॉयल्टी ठेवा. कोणाशी? गेटपासवर नाव कॉन्ट्रॅक्टरचं, टी-शर्टवर नाव कंपनीचं, आणि पगार मागायला गेलं की हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे.

याला कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, तुम्ही सगळे त्याला पल्प म्हणता, त्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये स्वच्छ लिहिलंय की कामगारांना परमनंटचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल, टेंपररी म्हणून ठेवणं ही अनुचित प्रथा. १९७१! म्हणजे तेव्हाच कोणालातरी हे दिसत होतं. पण कोर्टात जाऊन सिद्ध करणार कोण, ज्याचा ब्रेक झालाय तो? त्याला पुढच्या सात महिन्यांची सोय बघायची असते.

आता तुम्ही म्हणाल हे शॉप फ्लोरचं झालं, स्टाफचं काय, इंजिनियर पोरांचं काय, त्यांना तर चांगला पगार देतो तरी पळतात. बरं, त्यांच्याकडे येऊ.

भाचा, म्हणजे ह्याच भावाचा मुलगा, माझ्यासमोर वाढलाय. कॉम्प्युटर इंजिनियर, २०२२ चा पासआउट. ऑफर लेटर हातात होतं, पेढे वाटले, आणि नऊ महिने कंपनीने जॉइनिंगच दिलं नाही. मेल टाकला की उत्तर यायचं, बिझनेस रिक्वायरमेंटप्रमाणे कळवू. नऊ महिने पोरगं घरात बसून बापाच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून जायचं. शेवटी बोलावलं, गेला, आणि चौदा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी ३५ टक्के वाढ मिळाली तर सोडून गेला, ९० दिवसांची नोटीस पूर्ण भरून. आता तिसरीकडे आहे. मी त्याला म्हटलं अरे जरा थांब की एका ठिकाणी, माझ्यासारखीने म्हणायलाच पाहिजे ना काहीतरी. तो म्हणाला, आत्या, बाबांनी अकरा वर्षं वाट बघितली, मी नऊ महिने बघितली, बास झालं. मला पुढे काही बोलता आलं नाही.

आणि या पिढीचा स्वभावच असा आहे म्हणताय तर एक आकडा तुमच्याच लाइनचा देते. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसचं अॅट्रिशन २८.४ टक्के होतं, त्यांनीच जाहीर केलेलं. दोन वर्षांच्या आत ते निम्म्यापेक्षा खाली आलं. काय झालं मधे, पोरांवर संस्कार झाले का? पोरं तीच, पिढी तीच, हेडफोनपण तेच. मार्केट थंड झालं, बाहेर ऑफर राहिल्या नाहीत, सगळे जागेवर बसले. जो स्वभाव दोन वर्षांत निम्मा होतो त्याला पिढीचा स्वभाव कशाला म्हणायचं.

त्या सरांनी अमेरिकेचा सर्व्हे दाखवला होता, म्हणून मी घरी येऊन मुलीला सांगून अमेरिकेच्या लेबर खात्याचे आकडे काढले, ते सरकारी आहेत आणि चाळीस वर्षांचे आहेत. जानेवारी २०२४ ला २५ ते ३४ वयाचे लोक सध्याच्या नोकरीत २.७ वर्षं होते (हा मध्यक, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाचा आकडा). ५५ ते ६४ चे ९.६ वर्षं. झालं, बघा, म्हातारे टिकतात तरुण पळतात! पण १९८३ ला तेच २५ ते ३४ वयाचे लोक किती टिकत होते? ३ वर्षं. म्हणजे चाळीस वर्षांत तरुणांमध्ये फरक पडला तो साडेतीन महिन्यांचा. आज जे म्हातारे जेन झीला नावं ठेवतायत ते स्वतः पंचविशीत असेच उड्या मारत होते, तरुण माणूस चार ठिकाणं बघतोच, लग्नाचंपण तसंच असतं. मोठा फरक कुठे पडलाय माहितीये? ५५ ते ६४ वयाच्या पुरुषांमध्ये. १९८३ ला त्यांचा आकडा १५.३ होता, आता दहाच्या आसपास. म्हणजे ज्यांना टिकायचं होतं, ज्यांची टिकायची वयं होती, त्यांचं टिकणं कमी झालंय. तिकडेही.

माझं स्वतःचं सांगते, कारण मी तुमच्या स्लाइडवरची आदर्श कर्मचारी आहे. बावीस वर्षं. (त्याआधी एक नोकरी चार वर्षांची होती, मुलगी झाली तेव्हा सुटली. मॅटर्निटीची रजा तेव्हा बारा आठवडे होती, नंतर पाळणाघर मिळेना, साहेब म्हणाले बघा कसं करताय ते. मी बघितलं. तिथल्या रजिस्टरला माझ्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' लिहिलंय, म्हणजे मीपण सोडून गेले.) तर बावीस वर्षं झाली. २०२३ ला आमच्याकडे एक मुलगी घेतली, चार वर्षांचा अनुभव, हुशार आहे, चांगली आहे, तिच्याबद्दल काही नाही. तिला काम मी शिकवलं. तिचा पगार सिस्टिममध्ये मीच टाकला आणि तो माझ्यापेक्षा सहा हजार जास्त होता. मी दोन दिवस काही बोलले नाही, मग साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, अहो मॅडम, बाहेरच्याला मार्केट रेट द्यावा लागतो. मी म्हटलं, आणि आतल्याला? ते म्हणाले, आतल्याला इन्क्रिमेंट असतं. सात टक्के. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे कामाच्या क्रमवारीत, वर बसलं तर आठ.

वडिलांच्या वेळी नव्यापेक्षा जुन्याला जास्त मिळायचं. आता जुना माणूस म्हणजे ज्याला बाहेर कोणी विचारत नाही असा, हे तुम्ही पगारपत्रकातच लिहून ठेवलंय आणि ते पत्रक मी दर महिन्याला बनवते. मग पोरांनी काय शिकावं माझ्याकडे बघून? त्या मुलीने मला विचारलं होतं, मॅडम तुम्ही का नाही बदलली? मी म्हटलं घर जवळ आहे. खोटं नाही, पण खरं ते पण नाही.

आणखी एक. तो जॉबर आठवतोय ना, माणूस जितका बदलेल तितकी कमाई? तो गेला नाही. लेबर कॉन्ट्रॅक्टर डोक्यामागे महिन्याला कमिशन घेतो, आणि स्टाफ भरणारा कन्सल्टंट साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार बिल लावतो, नव्वद दिवसांच्या आत पोरगं सोडून गेलं तर बदली माणूस फुकट. एक्क्याण्णवाव्या दिवशी गेलं तर नवीन बिल. ही बिलं माझ्या शेजारी पास होतात. एका वर्षात कन्सल्टंटला जेवढे दिले त्यातून स्टाफला किती इन्क्रिमेंट झालं असतं हा हिशोब मी एकदा एक्सेलमध्ये मांडला होता, साहेबांना दाखवला, ते म्हणाले ते बजेट हेड वेगळं आहे. आहेच वेगळं, मी कुठे नाही म्हणतेय.

आता नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आले, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्याला, एका वर्षातच ग्रॅच्युइटी आहे, पाच वर्षं थांबायला नको. मला वाचून बरं वाटलं होतं, कारण चार वर्षं अकरा महिने झाले की काढलेल्यांची फुल अँड फायनल मी केलेली आहेत. १८ हजार बेसिक असलेल्याला पाच वर्षं पूर्ण झाली असती तर ५१ हजार ९२३ रुपये मिळाले असते, एक महिना आधी काढलं, आमच्याकडे दिलं शून्य. तर कार्यक्रमात प्रश्नोत्तरात एकाने उठून नवीन कोडबद्दल विचारलं, आणि काय विचारलं? मग अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट केलं तर चालेल का? हसले परत सगळे. भाडेकरूसारखं. अकरा महिने झाले की सामान काढा, रंग मारा, परत अकरा महिने. मी हसले नाही पण मी बोललेपण नाही, हे लिहून टाकते. वडिलांसारखीच मी.

मी काही म्हणत नाहीये की सगळ्यांना तेहेतीस वर्षं परमनंट करा. परमनंट झाल्यावर मस्टरवर सही करून झोपणारेही मी पाहिलेत, वडीलच सांगायचे त्यांचे किस्से. आणि काही कंपन्या खरंच लोक सांभाळतात, तिथे गेटवर विचारा, पोरं सोडून जात नाहीत, साधं आहे. माझं म्हणणं एवढंच की टिकण्याच्या बदल्यात पूर्वी काहीतरी मिळायचं. ते एकेक करून काढून घेतलं, सर्व्हिसप्रमाणे वाढ गेली, पतपेढी गेली, परमनंटचं लेटर गेलं, आणि आता पोरांना विचारताय तुम्ही टिकत का नाही. टिकायचं म्हणजे कुठे? जिन्यात?

तर एक विनंती आहे, खर्च काही नाही.

तुमचा एक्झिट फॉर्म असतो ना, सोडण्याचं कारण, त्यात सात पर्याय आहेत. चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, स्थलांतर, आरोग्य, वैयक्तिक, इतर. ज्यांना ब्रेक दिला, ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट मुद्दाम संपवलं, ज्यांना दोनशे दहाव्या दिवशी गेटवर कार्ड जमा करायला लावलं, ते तर या फॉर्मवर येतच नाहीत, त्यांना अॅट्रिशनमध्ये धरतच नाहीत तुम्ही, आणि जिथे धरता तिथे 'इतर' मध्ये जातात. या महिन्याच्या एकतीस तारखेची यादी माझ्याकडे आली आहे, चौदा नावं आहेत. त्यातल्या एका पोराने दिवाळीत सुट्टी रद्द करून प्रेस चालू करून दिली होती, त्याचे दोनशे आठ दिवस झालेत.

अॅट्रिशनच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवा: 'स्वतः गेला' की 'घालवला'. सहा महिने भरून बघा आणि मग पुढच्या कार्यक्रमात ती स्लाइड लावा. फॉरमॅट मी बनवून ठेवलाय, फॉर्म्युलेपण टाकलेत, कोणाला हवा असेल तर पाठवते.

तुमच्यातलीच एक,
पेरोल, भोसरी